वाकय नाही

आमच्या कंपौंडरकाकांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, अवयव राहत. आरोग्य केंद्राच्या औषधाच्या खिडकीतून ते पुकारा करत, "डावा गुडघा! ओ डावा गुडघा, कुठं पाहून राह्यले? फुडं या." मग ओट्यावरच्या गर्दीतून एखादी म्हातारी पदर सावरत उठे. "पोटदुखी, तुमी बसा जरा. तुमचं पोट काई पयून नाही जात." एकदा खुद्द सरपंच आले होते. काकांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "मूयव्याध कोन हाये?" सरपंच उठलेच नाहीत. औषध न घेता घरी गेले. काका मात्र खिडकीतून मान काढून कितीतरी वेळ विचारत राहिले, "आता तं इथंच होती मूयव्याध, गेली कुठं?"

भर उन्हाळ्यातही त्यांच्या डोक्यावर लोकरीची तपकिरी कानटोपी असे. कोणी कारण विचारलं की म्हणत, "डोक्यात सातच वर्गायचं शिक्षन हाये. हवा लागून थेही उडून गेलं तं?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम जिल्हा अजून व्हायचा होता, आमचा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आईवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून मला बी.एस्सी. केलं, आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात मला सांख्यिकी सहायकाची नोकरी लागली. परिविक्षेवर होतो, म्हणजे कायम व्हायचा होतो. त्याच वर्षी साहेबांनी मला मालेगावकडच्या एका लहान आरोग्य केंद्रावर पाठवलं. काम असं होतं की तिथून गाऊटच्या गोळ्यांची मागणी फार येई. गाऊट म्हणजे सांध्यात, बहुधा पायाच्या अंगठ्यात, एकाएकी भडकणारा वात. "डॉक्टरची जागा रिकामी आहे, आणि गोळ्या मात्र संपतायत," साहेब म्हणाले. "कोणाला देतात, काय पाहून देतात, बघा आणि लिहा."

गावात उतरायला जागा नव्हती. काका मला सरळ आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेले. आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जरा थांबून "जय भीम" म्हणाले. मीही म्हणालो. त्यानंतर त्यांनी माझा नेमणुकीचा कागद पाहायला मागितला. मी पेटीतून काढेपर्यंत ते हात धुऊन, टॉवेलला पुसून आले. माझ्या नावानंतर टाइप केलेली अक्षरं त्यांनी बोट न लावता वाचली.

"बी.एस्सी. हे नावाच्या मांगून लिवतेत?"

"हो काका."

"मंग फुडं काहून नाही लिवत? लोकायले आधी थेच दिसाले पायजे."

काकू चुलीपाशी हसल्या. "त्या लेकराले जेवू तं द्या. डिग्री काय खाऊन राह्यले तुमी?"

त्या दिवसापासून चारचौघांत मी त्यांचा "साहेब" आणि घरात "बाबू" झालो. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस, पण दवाखान्यात मी दारात आलो की स्टुलावरून उठून उभा राही. मी बसा म्हटलं तर म्हणे, "बसतो ना. उभं राहाले साहेब भेटला, थे मजा तं घेऊ द्या."

छापलेल्या कागदाबद्दल त्यांचा एक हट्ट होता. गोळ्यांच्या पुड्या ते वर्तमानपत्रात कधी बांधत नसत. "अक्षर हाये त्याच्यावर. पुडी खाली पडते, पाय लागते." म्हणून दर महिन्याला शाळेत जाऊन मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मागून आणत. हेडमास्तर वैतागून म्हणत, "कंपौंडर, अहो पोरांनी न लिहिलेली पानं गोळा करून शाळेची अब्रू काढता तुम्ही." लिहिलेलं ते सगळंच खरं असतं, अशी त्यांची एक जुनी, भाबडी समजूत होती. आमच्या वस्तीतल्या त्या पिढीच्या बऱ्याच माणसांची होती. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या माथी लिहिणाऱ्यांनी काय काय मारलं, हे पुरतं माहीत असूनही होती. आता आपली माणसं लिहायला लागली, म्हणजे आता लिहिलेलं खरंच असणार, असं त्यांना वाटे.

दुसरा हट्ट पाण्याचा. गाऊटची गोळी ते हातात देत नसत. खिडकीशी माठ होता. त्यातलं दोन तांबे पाणी त्यांच्यासमोर प्यायचं, तेव्हा गोळी मिळे. गावचे एक मोठे जमीनदार पाटील या गोळीवर होते. पहिल्यांदा ते घरून आपला पितळी तांब्या घेऊन आले. बौद्धाच्या हातचं पाणी कसं प्यायचं, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, तांब्या पुढे केला.

"तांब्या तुमचाच राहू द्या पाटील," काका म्हणाले. "पानी माठातलं."

"घरी पितो ना मी, कंपौंडर."

"घरी तुमी काय पेता थे तुमच्या अंगठ्यानं मले सांगतलं."

ओट्यावरचे लोक हसले. पाटील प्यायले. पुढे तांब्या आणायचंही त्यांनी सोडलं. हे सगळं काकू मला रंगवून सांगत, आणि काका भाकरी मोडता मोडता खाली पाहून हसत.

मी आठ दिवस राहिलो. काकांची गाऊटची वही वेगळी होती. नाव, गाव, गोळी, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे दोनच. कुठे "वाकय हाये", कुठे "वाकय नाही". वाकय म्हणजे आमच्याकडची गोधडी. पहिल्या दिवशी मला त्याचा उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी पानं मांडून बसलो तेव्हा दिसलं की जिथे "वाकय हाये" आहे तिथे रोजची पांढरी गोळी दिलेली आहे, आणि जिथे "वाकय नाही" आहे तिथे ती एकालाही दिलेली नाही. मागणी याच पांढऱ्या गोळीची जास्त होती, तिचीच मला पाहणी करायची होती.

आमच्या घरी पाच माणसांत दोन वाकया होत्या. थंडीत मधलं माणूस सुखी आणि कडेचं जागं. "वाकय नाही" या दोन शब्दांचा अर्थ मला कोणाला विचारावासा वाटला नाही. तो मला लहानपणापासून माहीत होता.

पाचव्या दिवशी सकाळी पाटील आले. ठणठणीत, आपल्या पायांनी चालत आले.

"वाकय?" काकांनी विचारलं.

"हाव."

काकांनी वहीत लिहिलं.

"पन आता काईच दुखत नाही कंपौंडर," पाटील म्हणाले. "कायले देता रोज रोज?"

"घर गयत नाही म्हून छपरावरचे कवेलू काढून फेकता का, पाटील? प्या पानी."

पाटलांनी गोळी घेतली आणि धोतराचा सोगा धरून निघून गेले. नको म्हणणाऱ्या श्रीमंताला आग्रहानं औषध देणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला.

तासाभरानं किन्हीराजाचा एक मजूर भावाच्या पाठीवर बसून आला. विहिरी खोदण्याचं काम करायचा. उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजून चकाकत होता. भाऊ त्याला ओट्यावर ठेवताना नुसता वारा लागला तरी तो विव्हळला.

"कोन्या गावचा, उजवा अंगठा?"

"किन्हीराजा."

"मंग बरोबर हाये. पयलेचे मोठे डाक्टर म्हनत, हा राजेलोकायचा रोग हाये. तुह्या तं गावातच राजा हाये."

मजूर दुखण्यातही हसला. काकांनी विचारलं, "वाकय?"

"नाही जी. बिलकुल नाही."

काकांनी "वाकय नाही" लिहिलं. दुसऱ्या बाटलीतल्या दोन बारीक गोळ्या दिल्या, फडकं ओलं करून दिलं, माठातलं पाणी पाजलं. भाऊ म्हणाला, "डाक्टर, पाटलाले देता थे पांढरी गोई द्या ना याले."

"थे आज नाही भेटत."

"काहून नाही भेटत?"

"नाही म्हनलं ना लेका. पंधरा दिवसानं ये, आपल्या पायानं चालत ये, मंग पाहू."

कण्हणाऱ्या, गोधडीसुद्धा नसलेल्या आपल्या माणसाला नाही, आणि पाटलाला पाणी पाजून. मला वाटलं, सातवी शिकलेला माणूस शेवटी मोठ्या घरापुढेच वाकतो. त्यांच्याच घरची भाकरी खात मी हे मनात म्हणत होतो. काका समोर होते. एक प्रश्न विचारायचा होता, "काका, ही वाकय काय?" तो मी विचारला नाही. शिकलेल्या माणसानं काय काय विचारायचं नसतं, हे मी फार लवकर शिकलो होतो.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला. कॉलेजात मिळवलेली सगळी चांगली इंग्रजी त्यात ओतली. गोळ्यांचं वाटप रोग्याची गरज पाहून होत नाही, ऐपत पाहून होतं, असा निष्कर्ष काढला. रोग्यांना पाणी पिण्यासाठी विनाकारण थांबवून ठेवलं जातं, हेही लिहिलं. ज्या माठाजवळ पाटील वाकले होते त्या माठाविरुद्ध, आमच्या वस्तीतल्या पहिल्या पदवीधरानं.

केंद्राच्या माणसाची सही लागत होती. काकांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

"इंग्रजी हाये?"

"हो."

"पुरा तुमीच लिवला?"

"हो काका."

"मंग बरोबरच असन." त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर वळवून सही केली. मग ओट्यावरच्या लोकांना कागद लांबून दाखवला. "पाहा रे. आपल्या पोरानं लिवला. चार पानं इंग्रजी." वाचून दाखवू का, असं मी म्हणालो नाही.

अडीच-तीन महिन्यांत हुकूम निघाला. पांढऱ्या गोळीचा पुरवठा बंद आणि काकांची बदली रिठदकडच्या एका लहानशा दवाखान्यात. मला वाईट वाटलं, पण न्याय झाला असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

त्यानंतर त्या केंद्रावर नवे डॉक्टर आले. तरुण होते, सरळ बोलणारे. जुनी फाइल वाचून ते एक दिवस आमच्या कार्यालयात माझ्या टेबलाशी आले.

"हा अहवाल तुमचा? ही गोळी दुखत असताना सुरू करायची नसते, माहीत आहे का? भडका चालू असताना सुरू केली तर आग आणखी वाढते. आधी भडका दुसऱ्या गोळीनं विझवायचा, पंधरा-वीस दिवस थांबायचं, मग ही सुरू करायची. आणि मग दुखत नसलं तरी रोज, वर्षानुवर्षं घ्यायची. पाणीही भरपूर प्यावंच लागतं. तुमच्या कंपौंडरनं एकही चूक केलेली नाही. कोणी शिकवलं त्याला?"

"आधीच्या डॉक्टरांनी असेल," मी म्हणालो. मग वहीतल्या शेऱ्यांचं सांगितलं.

"वाकय म्हणजे गोधडी ना? अहो, गाऊटचा भडका उडाला की पायावर पांघरूणसुद्धा सोसत नाही. पुस्तकात हेच दिलंय. तो विचारत होता, पायावर गोधडी सोसते का. सोसत असेल तर गोळी. सोसत नसेल तर थांब."

टेबलावरचे कागद मी उगाच सारखे करत बसलो. वऱ्हाडात जन्मलो, वाकयीत वाढलो, आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाचा एक शब्द मला कळला नाही.

"अहवाल मागे घ्या," डॉक्टर म्हणाले. "तो वर आहे तोवर मला गोळ्या मिळणार नाहीत. तुमच्या अहवालातला तो किन्हीराजाचा मजूर पंधरा दिवसांनी खरंच चालत आला होता म्हणे. त्याला गोळी सुरूही झाली होती. आता बंद आहे. पाटील अकोल्याहून मागवतात. त्या मजुरानं कुठून आणायची?"

"तसं लिहून पाठवतो," मी म्हणालो.

मी पाठवलं नाही. आज हे लिहिताना कुठलंही कारण पुरेसं वाटत नाही, पण तेव्हा एकच कारण होतं आणि ते डोंगराएवढं होतं. मी कायम व्हायचा होतो. पहिलाच अहवाल चुकला असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं तर साहेब काय म्हणतील? घरी माझ्या नोकरीवर धाकटे दोघं शिकत होते. रोज वाटे, कायम झालो की दुसऱ्या दिवशी लिहीन. कायम व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत त्या मजुराला किती वेळा भावाच्या पाठीवरून यावं लागलं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या पायाची बोटं गाठी येऊन वाकडी झाली. गोळी पुन्हा सुरू झाली, पण तो परत विहिरीत उतरला नाही.

दुरुस्तीचा अहवाल दिला त्याच आठवड्यात मी काकांकडे गेलो. दवाखाना दोन खोल्यांचा. खिडकीत काका होते, कानटोपीही होती. पण ते केसपेपरवरची नावं वाचून, हळू आवाजात माणसांना बोलावत होते. मला पाहून उठून उभे राहिले.

काकूंनी बेसन आणि भाकर वाढली. मी सगळं सांगितलं. वाकय, पांढरी गोळी, डॉक्टर, आठ महिने, काहीही न वगळता. म्हणालो, "काका, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो. आता तसं लिहूनही दिलं आहे. तुम्हाला परत नेतील."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"असं नोको बोलू बाबू."

"खरं तेच बोलतोय."

"मोठे डाक्टर सांगून गेले, पन माह्या ध्यानातच उलटं राह्यलं असन. सात वर्ग शिकेल मानूस मी. किती लोकायले चुकीची गोई देल्ली असन, कोन जाने. म्हून आता इथं मी काई विचारतच नाही. कागदावर असन थे देतो."

"काका, उलटं नव्हतं हो. पुस्तकात तसंच आहे."

तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले. "बी.एस्सी. हा ना तुमी? मंग? तुमीच चुकसान तं आमी कोनाच्या तोंडाकडं पाहाचं?"

काकू दारात उभ्या राहिल्या. काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जेव. भाकर गार होऊन राह्यली."

त्यांना कोणी परत नेलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत, आता कशाला हलवायचं, असं कार्यालयात ठरलं. मी दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा केली नाही, हेही लिहून ठेवतो. त्या घरात मी पुन्हा गेलो तो ते वारल्याची बातमी उशिरा कळल्यावर. काकू एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं, मग चहा ठेवला, आणि मी न विचारता सांगू लागल्या.

"तुह्यं नाव काढे सदा. आल्यागेल्याले सांगे, आमच्या साहेबानं दोन रिपोर्ट लिवले. पयला खरा होता. दुसरा त्यानं माह्या मायेपोटी लिवला, मले बरं वाटावं म्हून. मोठ्या मनाचा पोरगा हाये, म्हने."

"काकू, दुसराच खरा होता," मी म्हणालो. "पहिला खोटा होता. शपथ घेऊन सांगतो."

काकूंनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि मायेनं हसल्या.

"हाव बाबू. तू असंच म्हनसीन, हेही त्यायनं सांगून ठेवलं होतं."